पिसाचा घास

नेरिडाला एकच फोटो हवा होता. तुरेवाली टिबुकली पिल्लांना पाठीवर घेऊन पोहते आणि तिचा जोडीदार स्वतःच्या छातीचं पीस उपटून त्याचा पिल्लाला घास भरवतो, तो क्षण. तिच्या वडिलांनी जन्मभर पाणपक्ष्यांचे फोटो काढले, पण हा राहून गेला. शेवटच्या आजारपणात ते पडल्या पडल्या बोटांची चौकट करून सांगायचे, "डोळा लख्ख, पीस लख्ख. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं." ते गेले आणि पुढच्याच वसंतात बुलांडीचं तळं भरलं. फार वर्षं ते कोरडंच होतं. कित्येक महिन्यांपूर्वी दूर उत्तरेत पडलेल्या पावसाचं पाणी नदीतून रांगत रांगत आत्ता कुठे इथवर पोचलं होतं.

सोबत होता मर्व्ह, वडिलांचा जुना दोस्त. गाडीवर त्याची पत्र्याची होडी बांधलेली होती. शेवटच्या टप्प्यात रस्ता असा नव्हताच, नुसता काळा चिखल. गाडी दोनदा रुतली.

"तुझा बाप लिंडसे अशा वेळी खाली उतरायचा नाही," चाकाखाली फळी सारत मर्व्ह म्हणाला. "म्हणायचा, माझे हात लेन्ससाठी आहेत."

"मी उतरलेय ना?"

"तू आईवर गेलीस. नशीब काढलंस, पोरी."

काठावर त्यांनी वडिलांची तरंगती लपण जोडली, पक्ष्यांना न दिसता फोटो काढायची. दोन तराफे, मध्ये कॅमेऱ्याची फळी, वर गवत खोचलेलं जाळीचं छप्पर. माणसाने आत छातीभर पाण्यात उभं राहायचं, तळाच्या गाळातून चालत लपण ढकलायची आणि कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली ठेवायचा. पक्ष्यांना वाटतं, गवताचं बेट आहे. वडिलांचा रबरी पोशाख नेरिडाला ढगळ झाला. मर्व्हने कमरेला दोरी आवळली.

"काही झालं तर हात वर कर. येईन, पण वल्ही मारत. घरटी असताना या तळ्यात कोणी इंजिन लावत नाही."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक असलेलेच बुडतात."

सकाळचं ऊन तिरपं होतं. लव्हाळ्याच्या कडेने ती इंच इंच सरकत राहिली. बराच वेळ नुसत्या बदकांच्या रेषा दिसल्या, आणि मग अचानक ती आली! लालबुंद डोळा, तांबूस गळपट्टा, आणि पाठीवरच्या पिसांतून डोकावणारं पट्ट्यापट्ट्यांचं इवलं डोकं. पण मागे लव्हाळ्याची काडी न् काडी दिसत होती. फोटो गिचमिड झाला असता.

टिबुकली पुढे निघाली. नेरिडा मागोमाग. डोळा कॅमेऱ्यातून हलेना. हळूहळू काड्या पुसट झाल्या, मग त्यांच्या हिरव्या रेघा झाल्या आणि शेवटी सोनेरी धुकं तेवढं उरलं. अगदी लोणी! वडिलांनी सांगितलं होतं तसंच! जोडीदार जवळ आला. त्याने मान वाकवली, छातीचं पीस उपटलं, पिल्लाने चोच उघडली...

खट्!

तिने पाऊल पुढे टाकलं, आणि खाली तळच नव्हता!

मागचं विरघळलं होतं ते उगाच नाही. पक्ष्याच्या मागे जवळ काही उरलंच नव्हतं! लव्हाळा केव्हाच सुटला होता, पाठीवरच्या वाऱ्याने तिला उघड्या पाण्यात, बुडालेल्या नदीच्या जुन्या पात्रावर आणून सोडलं होतं. रबरात पाणी शिरलं. पाय जड झाले. तिने फळी धरली. लपण कलंडली! कॅमेरा आणि ती लांबलचक लेन्स, दोन्हींचं वजन एकाच बाजूला. लाट तोंडावर आली. तिने हात वर केला आणि पुन्हा बुडाली!

फळीवर एकालाच जागा होती. कॅमेरा गळ्यात घालावा, तर तो तिला घेऊनच तळाला गेला असता. तिने कॅमेरा फळीला जखडणारा स्क्रू चाचपला. कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर वडिलांच्या तळव्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. तिचा हात तिथे क्षणभर थांबला.

मग तिने स्क्रू फिरवला.

कॅमेरा गेला. ती फळीवर छाती टाकून खोकत राहिली. लांबून वल्ह्यांचा आवाज येत होता, एकसारखा, आणि भयंकर सावकाश.

मर्व्हने चाकूने रबरी पोशाखाचे खांद्यावरचे पट्टे कापले आणि तिला होडीत ओढून घेतलं. तो तिच्याहून जास्त धापा टाकत होता.

"इंजिन लावलं असतंस तर?" ती कशीबशी म्हणाली.

"लावलं असतं तर लिंडसेने थडग्यातून उठून माझी मान मुरगळली असती."

"मग लावायचं होतंस ना, मर्व्ह. उठले तरी असते."

त्याने कोट काढून तिच्या अंगावर टाकला.

"मिळाला होता फोटो?"

"मिळाला होता."

"तळं आटलं की येऊन शोधू. आतलं कार्ड टिकतं कधी कधी."

"नको. तो ज्यांना दाखवायचा होता..."

वल्ही मारणाऱ्याची पाठ काठाकडे असते आणि तोंड मागे बसलेल्याकडे. नेरिडा रडत होती, अंत्यविधीलाही रडली नव्हती अशी, आवाज करून. मर्व्हला दुसरीकडे पाहायला जागा नव्हती. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि काही न पाहता वल्ही मारत राहिला.