दोन मिलिमीटरची फट

"डोळे मिटा!" मी ओरडले, पण तोवर उशीर झाला होता. वेल्डिंगच्या झोताकडे तो उघड्या डोळ्यांनी बघत उभा होता... आणि म्हणे हा रोबो बसवायला आलेला इंजिनिअर! हाताला धरून मी त्याला नळापाशी नेलं.

"पहिल्याच दिवशी आंधळं केलंत," तो डोळे चोळत हसला.

"तुम्ही आम्हाला घरी बसवायला आलात ना? मग फिटंफाट!"

आमच्या कारखान्यात लोखंडी खुर्च्या बनतात. वेल्डिंगला आम्ही आठ बायका. रोबोचं रोज काहीतरी बिनसायचं. वीज कमीजास्त झाली की मध्येच थांबायचा. एक सुटा भाग यायला वीस-वीस दिवस. त्यात कापून आलेले पाइप कधी एकसारखे नसायचे. दोन मिलिमीटरची फट आमचा हात सहज सांभाळून घ्यायचा. रोबो मात्र हवेतच टाका घालायचा.

"हात तर आला, अक्कल मागाहून येतेय वाटतं," आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणायच्या. म्हणायच्या खऱ्या, पण रोबो चालला तर दोघींनाच ठेवणार, हे मालकांनी सांगितल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

फट का पडते, मला ठाऊक होतं. पाइप कापायच्या मशीनचा एक बोल्ट सैल होता. मी गप्प बसले.

इंजिनिअर मात्र रोज माझ्या शेजारी स्टूल ओढायचा. "पुन्हा दाखवा ना... मनगट कसं वळवता?"

आई गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी मला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही. आता मी बोलायला लागले की थांबतच नसे.

तीन महिन्यांनी मालकांनी हात टेकले. रोबो खोक्यात बंद होऊन ट्रकवर चढला. मला राहवेना.

"एक सांगायचं होतं... तो बोल्ट—"

"सैल आहे. दुसऱ्याच आठवड्यात दिसला."

"मग आवळला का नाहीत?"

"मावशींचा चेहरा बघितला होता. आणि..." तो अडखळला. "आवळला असता, तर काम संपलं असतं. मला जावं लागलं असतं."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"मी परत आलो तर?"

"रोबो घेऊन?"

"एकटाच."

"या," मी म्हणाले.

पाच आठवडे झाले. खोली तीच, सामसूम तीच. फक्त संध्याकाळी स्वयंपाक करताना मी दार लावून घेत नाही.