लग्नाला उशीर होतोय

"बाजूला व्हा हो, मला लग्नाला उशीर होतोय!"

ओडील हे सवयीनेच ओरडली. मळ्याच्या फाटकात बैलगाडी आडवी असो, भलंमोठं कासव असो नाहीतर पाहुण्यांचा घोळका, फुलांच्या दिवसांत ती सगळ्यांना हेच सांगायची. ला दीग बेटावर कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. व्हॅनिलाच्या फुलांची लग्नं लावावी लागतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फूल पहाटे उमलतं, ऊन तापलं की मिटतं, आणि त्याचं जमवून देणारी माशी काही या बेटांवर नाही. मग ओडीलसारख्या बायका लिंबाचा काटा घेऊन वेलीवेलीने फिरतात. फुलातल्या नर-मादीमधला अंतरपाट काट्याने वर उचलायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचं... झालं लग्न.

पण त्या गुरुवारी फाटकात फर्मिन उभा होता. शेजारच्या माहे बेटाच्या बंदरात वाढलेला, तिथेच वर्षानुवर्षं पाहुण्यांना जुन्या गोष्टी सांगत आलेला, आणि पाहुण्यांना बेटाबेटांवरच्या बागा दाखवत हिंडणाऱ्या एका छोट्या जहाजावर नुकताच वाटाड्या म्हणून लागलेला. त्याला बोटी कळत, वेली नव्हे. त्याने तिच्याकडे पाहिलं. चिखलाचे पाय, विटकी टोपी, केसांत खोचलेला काटा आणि झोप न झालेले डोळे.

"लग्न... आज?"

"आजच. उद्या काय उपयोग?" असं म्हणून ओडीलने सायकल दामटली.

दुपारी ती निरफणसाच्या झाडाखाली पाय पसरून बसली होती, तर समोरून मिरवणूकच आली. पुढे फर्मिन, त्याच्या हातात नारळाचा केक, मागे टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या पाहुण्या. जहाजावरच्या आचाऱ्याने खास वधूसाठी घाईघाईने केलेला केक!

"अभिनंदन! आणि... नवरदेव कुठे आहेत?"

"वर लटकलेत," वेलीकडे बोट दाखवत ओडील म्हणाली. "पुष्कळ आहेत. कुठला दाखवू?"

मळ्याची मुकादमीण तांतीन क्लेमान्स इतकी हसली, की तिला खांबाला धरून बसावं लागलं. फर्मिनचे कान लाल झाले.

"मला वाटलं... म्हणजे तुम्ही म्हणालात..."

"आता केक परत नेणार का?" ओडीलने विचारलं.

"छे! लग्न लागलंय ना? कुणाचं का असेना."

कितीतरी दिवसांनी ओडीलला हसू आलं. नाहीतर त्या दिवसांत ती फार थकलेली असायची. पहाटे उठून दुसऱ्यांची लग्नं लावायची आणि दुपारी पाहुण्यांसमोर तोच काटा, तेच फूल, तेच वाक्य. पाहुणे "अरे वा!" म्हणत, फोटो काढत आणि निघून जात. होडीने आलेलं माणूस होडीनेच जातं, हे ती लहानपणीच शिकली होती. तिचे बाबा खोबरं वाहणाऱ्या गलबतावर होते. "पुढच्या फेरीला येतो," म्हणायचे. आई प्रत्येक गलबताला धक्क्यावर जाऊन उभी राहायची. एकदा बाबा आले नाहीत ते नाहीतच, तरी आई जातच राहिली. आई गेल्यावर ओडीलने ठरवून टाकलं, आपण कुणासाठी धक्क्यावर उभं राहायचं नाही.

पुढच्या गुरुवारी फर्मिन पाहुण्यांना खोबऱ्याच्या भट्टीपाशी सोडून एकटाच वेलींत आला.

"एक लग्न मला लावू द्याल?"

"कशाला? पुढच्या खेपेला फुशारकी मारायला?"

"नाही हो. रोज नुसतं बोलून बोलून कंटाळलोय. पूर्वी इथल्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांची हकीकत सांगताना माझा आवाज कापायचा... आता ठरलेल्या जागी कापतो. माझी मलाच लाज वाटते."

ओडीलने केसांत हात घातला. तिने त्याच्या हातात काटा दिला. पण त्याचे हात पडले दोरखंड ओढणारे, काटा त्यांत नीट बसेना. तेव्हा तिने त्याचा अंगठा आपल्या बोटांत धरला आणि फुलावर टेकवला. पानांवरून दवाचा थेंब तिच्या मनगटावर पडला. दोघांनीही हात जरा... जरा उशिरानेच सोडवून घेतले.

"आता?" त्याने हळूच विचारलं.

"आता वाट बघायची. फूल गळलं तर मोडलं. देठाला चिकटून सुकलं तर टिकलं."

पुढच्या खेपेला तो होडीतून उतरला तो थेट मळ्यात.

"माझ्या लग्नाचं काय झालं?"

"गळलं," ओडील म्हणाली.

ती चक्क खोटं बोलली होती. फूल चिकटून सुकलं होतं आणि त्याच्यामागे करंगळीएवढी हिरवी शेंगही धरली होती. ती रोज सकाळी आधी तिकडेच जायची. पण टिकलं म्हटलं तर त्याला दर गुरुवारी यायला निमित्त मिळणार, आपल्याला गुरुवारची सवय लागणार, आणि मग एका गुरुवारी... नकोच ते.

तो तरीही येतच राहिला. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"अजून गळलेलंच का?"

"गळलेलं फूल परत चिकटतं का रे?"

"काय सांगावं! आमच्या बंदरात मोडलेली लग्नं दर रविवारी जुळतात."

"मग दुसरं लाव एखादं."

"नको. एवढा उत्साह नाही राहिला माझ्यात. एकच लावायचं होतं."

हे तो हसतच म्हणाला, पण त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ओडीलला वाटलं, याला इथे सावलीत निजवावं आणि जहाजाला सांगावं, जा तू.

शेंगा भरल्या की चोरांच्या भीतीने त्यांच्यावर मळ्याची खूण टोचतात. बुचात खोचलेल्या टाचण्यांनी कोवळ्या सालीवर टोचलेलं अक्षर शेंग सुकून काळी झाली तरी पुसलं जात नाही. त्या एका शेंगेशी ओडील बराच वेळ थांबली. मग तिने बूच खिशात घातलं, टोपीची टाचणी काढली आणि दुसरंच अक्षर टोचलं.

तांतीनच्या नजरेतून काय सुटणार!

"ही कुणाच्या नावाची गं?"

"टाचणी सरकली, तांतीन."

"बरी नेमकी त्याच अक्षरावर सरकली! आणि त्याला काय सांगितलंस? गळलं म्हणून?"

ओडील पुढच्या वेलीकडे वळली.

फुलं संपत आली तशी जहाजाची इकडची फेरीही संपत आली. जहाज आता दुसऱ्या समुद्रात जाणार होतं. शेवटच्या गुरुवारी फर्मिन फाटकाशीच थांबला.

"कप्तानाला आज रात्री उत्तर द्यायचंय. पुढे जायचं की उतरायचं. मी फार थकलोय, ओडील. मला आता कुठेतरी बसायचंय... पण उगाच कुणाच्या दारात कसं बसायचं? तू एकदा खरं सांग. गळलं?"

पावसाची बारीक सर आली. तिच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"सांगितलं ना, गळलं."

त्याने मान हलवली आणि तो पाहुण्यांच्या मागून चालू लागला.

तांतीन वेलीआडून बाहेर आली. "अगं, ती शेंग तरी तोडून दे त्याला!"

"कच्ची आहे. आत्ता तोडली तर वासही धरायची नाही."

"मग त्याला इकडे बोलव ना, बये!"

ओडीलने सायकल काढली. धक्क्यावर पोहोचली तेव्हा ती भिजलेली होती, धापा टाकत होती आणि बरोबर तिथेच उभी होती जिथे आई उभी राहायची. फर्मिन होडीत पाय टाकतच होता.

"खोटं बोलले मी!" ती ओरडली. "टिकलंय. शेंग धरलीय. तुझं नाव टोचलंय तिच्यावर. पण तोडून आणता येत नाही... बघायची तर तुलाच यावं लागेल."

होडीतल्या म्हाताऱ्यांना भाषा कळली नाही, बाकी सगळं कळलं. जहाजाचा भोंगा वाजला. फर्मिनने एकदा मळ्याच्या दिशेने पाहिलं आणि एकदा पाहुण्यांकडे.

"यांना माहेला पोहोचवायलाच हवं. कप्तानाला तोंडावर सांगतो. उद्या सकाळच्या बोटीने येतो."

"बाबाही असंच म्हणायचे," ओडील म्हणाली.

तो होडीत चढला. होडी सुटली.

दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर गेली नाही. वेलींवर शेवटची मोजकीच फुलं उरली होती. सकाळच्या बोटीचा भोंगा वाजला तेव्हा तिने वर पाहिलं नाही. माणसं उतरून पांगण्याइतका वेळ झाला, तरी कुणी आलं नाही. ऊन वेलींत शिरलं. तिला रडूही येईना, इतकी ती थकली होती. तिने शेवटच्या फुलाला हात घातला.

तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा झाला. बैलगाडी नेहमीसारखी आडवी उभी होती, गाडीवान हलायला तयार नव्हता, आणि खांद्यावर भलीमोठी पिशवी घेतलेलं कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं.

"अहो, बाजूला व्हा! मला लग्नाला उशीर होतोय!"

ओडीलच्या हातातला काटा खाली पडला.

"मग ये ना लवकर!" ती तिथूनच ओरडली. "ऊन तापायला लागलंय!"