अंबूबाईचं चावीचं घड्याळ

लोणावळ्याच्या बाजारात जीनतचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, बापाकडून आलेलं. चावीची घड्याळं दुरुस्त करणारं माणूस आता औषधालाही सापडत नाही, म्हणून टाकवे बुद्रुकच्या संदेशचा फोन आला तशी ती दुपारच्या जीपनंच निघाली. जुनं घड्याळ म्हटलं की या बाईला जेवणसुद्धा सुचत नाही!

काम मात्र निराळंच निघालं. संदेशची आई, अंबूबाई, दिवाळीत गेली. भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची ती तीच, दर सोमवारी, महादेवाला पाणी घालून आली की. आठवडा सरला की चावी संपायची. पण ती गेल्यावरही घड्याळ काही थांबलं नव्हतं. संदेशचं म्हणणं, त्याचे वडील आबाच चावी देतात आणि विसरतात. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा घराला कुलूप लावून त्यांना चाकणला आपल्याकडे न्यायचं. हौशीराम आबा शपथा घेऊन सांगत होते की आपण हात लावला नाही. पोरगं ऐकेना. आता जीनतनं काय ते सांगायचं होतं.

तिनं आधी चावी लावून पाहिली. आतली स्प्रिंग घट्ट, म्हणजे चावी पुरती भरलेली; तसूभर फिरेना. मग तिनं स्प्रिंगचा ताण उतरवायला घेतला. हे काम जिवावरचं असतं बरं का. चावी मुठीत आवळायची, स्प्रिंगला अडवून धरणारा खटका हलकेच उचलायचा आणि सगळा जोर मनगटावर पेलत चावी थोडी थोडी उलटी फिरू द्यायची. निसटली तर बोट गेलंच. स्प्रिंग पार सैल झाली तसं घड्याळ मुकं झालं. लंबकही तिनं काढला, चावीबरोबर पिशवीत टाकला आणि बापलेकांना घेऊन ओट्यावर येऊन बसली.

शेजारनं चहा आला. खाचरांवरून वारं येत होतं. जीनतला आबांची दया येत होती. आता चावीवाचून घड्याळ चालणार नाही आणि म्हातारा खोटा ठरणार, हे तिला दिसत होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. टक्... टक्...

संदेशनं कप खाली ठेवला. जीनत मात्र भीतीपेक्षा नवलानंच उठली. लंबक काढलेलं घड्याळ चाललंच तर पिसाटासारखं धावतं, त्याला आवरणारं काही उरत नाही. हे तर संथ चाललं होतं. घरात कोणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती. तिनं पिशवीतली चावी काढून लावली. स्प्रिंग घट्ट.

"हा आबांचा हात नाही..." ती हळूच म्हणाली.

संदेश पांढराफटक पडला. "आबा... आजच चला. या घरात नका राहू."

आबांनी डोळे पुसले. कितीतरी महिन्यांनी त्यांना हसू आलं होतं. "येडा न्हाई ना मी? मग आता कुटं जाऊ? ती हाय की हितं."

पोरानं बापाची भरलेली बॅग उचलून परत माळ्यावर ठेवली.

लंबक अडकवायला म्हणून जीनतनं घड्याळात हात घातला, तर खटक्यापाशी बोटांना काहीतरी चिकट लागलं. तिनं हात दाराच्या उजेडात धरला. तांदळाचं पीठ होतं, भाकरीसाठी मळलेलं, अजून ओलं. आबांचा डबा शेजारून यायचा; चूल दिवाळीपासून पेटलीच नव्हती.