आतल्या चौकटीतला बदल

लिफ्टचे दार उघडले आणि ती दचकलीच. समोर खोडकाढ्या उभा होता. हातात पुठ्ठ्याचे खोके. खोक्यात निवडुंगाची कुंडी, कान तुटलेला निळा कप आणि चुकांखाली रेघा ओढणारी ती कुप्रसिद्ध लाल पेन्सिल.

दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या खोडी काढणे हे त्याचे काम, म्हणून कचेरीने त्याला हे नाव बहाल केले होते. तिला सगळे ठाणेदारीण म्हणत. कारण पडद्यावरच्या चौकटीत एखादे बटण आले किंवा गेले, की लगेच नोंद करणारा पहारेकरी-प्रोग्राम तिने लिहिला होता. रोज दुपारी तो तिच्या चुकांची चिठ्ठी घेऊन येई आणि कामापेक्षा अंमळ जास्तच रेंगाळे.

“आवराआवर?” तिने विचारले.

“बदली. दुसऱ्या शहरात. साहेबांसमोर कागदावर सही केली, की सुटलो.”

“बदली? आणि मला… मला पत्ताच नाही?”

“कमाल आहे. ठाणेदारीणबाईंच्या नजरेतून म्हणे काही सुटत नाही!”

शब्दांत थट्टा होती. त्याचे डोळे मात्र त्या थट्टेत सामील नव्हते. ती बाहेर पडली, तो आत शिरला, आणि लिफ्ट वर निघून गेली.

ती जागेवर येऊन बसली. पण काम कुणासाठी थांबते? त्यांचा प्रोग्राम वापरणाऱ्या एका ग्रंथालयाची तक्रार आली होती : पडद्यावरचे ‘पुस्तक परत’ हे बटण गायब झाले, आणि त्याची नोंद कुठेच नाही. तिने शोधले. बटण मोठ्या चौकटीत बसवलेल्या छोट्या चौकटीत होते आणि तिचा पहारेकरी फक्त मोठ्या चौकटीवर नेमलेला होता. ओसरीवर बसलेल्याला माजघरातली कुजबुज कशी कळावी?

तिने आतल्या प्रत्येक चौकटीवर एकेक पहारेकरी नेमला आणि प्रोग्रामची कचेरीपुरती चाचणीची प्रत चालवली. नोंदी झरझर उमटू लागल्या : काही आले की ‘भर’, गेले की ‘घट’. तिसरी ओळ तिने दोनदा वाचली.

‘भर : आतली चौकट : मजकुराची पट्टी : “ठाणेदारीणबाई, माझ्याबरोबर चहा घ्याल? आयुष्याचं मग ठरवू. – खो.”’

ती पट्टी प्रोग्राममध्ये घातल्याची तारीख तिने पाहिली. दोन महिन्यांपूर्वीची!

ती जिने कशी चढली, तिचे तिलाच कळले नाही. साहेबांचे बोलावणे नुकतेच आले होते; दाराशी, खोके काखोटीला मारून, तो पेनाचे टोपण काढत होता.

“थांबा! दोन महिने गप्प का राहिलात?”

“गप्प? मी लिहिलं होतं की! तुमच्या नोंदीत पहिल्याच दिवशी आलं असणार. तुम्ही काही बोलला नाहीत… मग मी समजायचं ते समजलो आणि बदली मागितली.”

“अहो, पहारेकरी बाहेरच्या चौकटीवर होता. आतलं काही मला ऐकूच येत नव्हतं!”

पेन त्याच्या हातून गळाले. “म्हणजे… तुम्ही वाचलंच नाही?”

“आत्ता वाचलं. आणि पट्टी घातल्यावर मांडणी पुन्हा करावी लागते, तेव्हाच ती पडद्यावर दिसते. तेही विसरलात. वर जगाच्या चुका काढता!”

“तुमच्या तर रोज एक सापडायची,” तो पुटपुटला.

“सापडणारच.” तिचे कान तापले. “रोज एक… मी मुद्दाम ठेवत होते.”

दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या जणू त्याच्या डोळ्यांसमोरून भराभर सरकल्या.

“अहो, सही करताय ना?” आतून साहेबांचा आवाज आला.

तिने खोक्यात हात घालून निळा कप बाहेर काढला.

“हे काय?”

“घट. एक कप.” तिने कप छातीशी धरला. “चहा कशातून पिणार… तू?”

त्या एका ‘तू’ने, इतका वेळ कसाबसा तग धरलेला तो पुरता गडबडला.

“साहेब, सही राहू द्या,” तो तिच्याकडेच बघत म्हणाला. “इथे एक नोंद… व्हायची राहून गेली होती.”