कॅप्टनची अर्धी मिशी

पैज लागली ती इस्त्रीच्या दुकानासमोर, आणि लावली चांगल्या शहाण्यासुरत्या दोघांनी. एक इस्त्रीवाल्या काकू. दुसरे वरच्या मजल्यावरचे कॅप्टन. कॅप्टन मुलांचं पथक चालवायचे. तंबू, कवायत, शिट्टी... आणि मिशी. लिंबू ठेवलं तर घरंगळणार नाही, अशी मिशी!

"तुमचा मुलगा प्रेमात पडणार? अहो वहिनी, त्याचं लग्न दोरीशी लागलंय."

"वर्षाच्या आत पडेल."

"पडला तर अर्धी मिशी उतरवीन. भर रस्त्यात!"

"आणि नाही पडला, तर तुमच्या पथकाचे गणवेश मी वर्षभर फुकट इस्त्री करीन."

मुलगा तिथेच उभा होता. त्याला कोणी विचारलंच नाही. दिवसभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी पथकातल्या पोरांना गाठी शिकवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला गाठीमास्तर म्हणायची. नऊ वर्षांचा असताना तो पथकात शिरला होता, तो बाहेर पडलाच नव्हता.

पुढच्याच रविवारी कवायतीहून परतताना तो समोरच्या नव्या सलूनमध्ये शिरला. सलूनवाला त्याच्याच वयाचा, हसला की एक गाल जास्त हसायचा.

"स्कार्फ काढा की."

"गाठ घट्ट बसलीय."

"थांबा, मी सोडतो." त्याची बोटं मास्तरच्या गळ्याशी आली... आणि तिथेच घोटाळत राहिली. "ही गाठ आहे की शिक्षा?"

"ओढली की आवळते. दोन्हीकडून आत ढकलायची, म्हणजे सैल पडते."

"अच्छा — म्हणजे मालकासारखीच."

"मी कुठे आवळलोय?"

"आधी खुर्चीचे हात सोडा. उखडतील."

मास्तर कानापर्यंत लाल झाला.

त्यानंतर दर आठवड्याला त्याचे केस वाढू लागले. एका पावसाळी संध्याकाळी सलूनवाल्याने शटर अर्धं ओढलं आणि कात्री बाजूला ठेवली.

"आता कापायला काही उरलं नाही, मास्तर. का येता?"

"गाठ... शिकवायला."

"खोटं."

"हो," मास्तर म्हणाला. सलूनवाल्याने त्याचा हात हातात घेतला. शटर अर्धंच ओढलंय, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

समोरच्या गॅलरीत कॅप्टन चहा पीत उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरला जिन्यातच गाठलं. "मी पाहिलं ते खरं?"

"खरं."

"मग रविवारपासून येऊ नकोस. पथकात लहान पोरं आहेत. नियम आहे."

"पोरांना मी गाठी शिकवतो, कॅप्टन. दुसरं काय शिकवतो?"

कॅप्टन वर बघत जिना चढून गेले.

मास्तर खाली दुकानात आला. आई कुणाचा तरी पांढरा शर्ट इस्त्री करत होती.

"आई... तू पैज जिंकलीस."

"अगंबाई! कोण ती?"

"ती नाही. तो. समोरचा."

इस्त्री जागच्या जागी थांबली. थांबली ती थांबलीच.

"आई, शर्ट!"

करपल्याचा वास सुटला होता. तिने इस्त्री उचलली, डागाकडे बघितलं, मग पोराच्या डोक्याकडे. "तरीच म्हटलं, टक्कल पडायची वेळ आली तरी हा केस कापायला पळतोय!" हसू आणायला गेली, पण डोळे भरले. पदराने पुसत म्हणाली, "मग तोंड का पाडलंयस?"

"कॅप्टननी पथकातून काढलं."

काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

रविवारी कवायत सुटली आणि अख्खं पथक रांगेत गल्लीत शिरलं, तर काकू सलूनसमोर खुर्ची मांडून उभ्या.

"बसा, कॅप्टन. हरलात तुम्ही."

"वहिनी, हे... हे पैजेत धरत नाही!"

"का बरं? प्रेमात पडेल की नाही, एवढंच ठरलं होतं. मुलगीच पाहिजे असं म्हणाला होतात?"

"पण नियम—"

"पोरांनो, तुमच्या पथकाचं पहिलं वचन काय रे?"

"दिला शब्द पाळणार!" गल्ली दणाणली.

कॅप्टन बसले. सलूनवाल्याने साबण लावला, वस्तरा उघडला.

"हे बघ, माझा तुझ्यावर काही राग..."

"बोलू नका काका, कापेल."

अर्धी मिशी मांडीवर पडली. पुढच्या रांगेतल्या चिमुरडीने विचारलं, "कॅप्टन, पैज काय होती?"

सलूनवाल्याने धरलेल्या आरशात कॅप्टननी स्वतःकडे पाहिलं.

"मास्तर प्रेमात पडणार नाही, असं मी म्हणालो होतो."

"मग? पडले?"

"पडला."

"कोणाच्या?"

कॅप्टननी हनुवटीने सलूनवाल्याकडे खूण केली. "ह्याच्या."

"मग आता गाठी कोण शिकवणार?"

मास्तर गर्दीच्या टोकाला, श्वास रोखून उभा होता. कॅप्टननी त्याला शोधून काढलं.

"पुढच्या रविवारी मैदानावर ये. नियम मी लावला होता, मीच काढतो. असलं तोंड घेऊन पोरांपुढे मी एकटा उभा राहणार नाही!" मग आवाज खाली आला. "चुकलो रे."

मास्तरने मान डोलावली. सलूनवाला वस्तरा पुसायचा सोडून त्याच्याकडेच बघत राहिला, भर गल्लीत.

"तिकडे काय बघतोस? उरलेली उडव," कॅप्टन म्हणाले.

सलूनवाल्याने काकूंकडे पाहिलं.

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या. "पैज अर्धीचीच होती."