खोडरबर आणि घाईबाई

बाक पुन्हा हलला आणि माझ्या पेन्सिलीनं 'ब'चा गोल सोडून थेट 'क'च्या गोलात उडी मारली.

"अरे, भूकंप आहे का?" मी दातओठ खात कुजबुजले.

"सॉरी, सॉरी," शेजारचा मुलगा म्हणाला आणि... पुन्हा खोडायला लागला. हात खांद्यापासून हलत होता त्याचा. उत्तर खोडतोय की चादर धुतोय तेच कळेना. खोडून झाल्यावर त्यानं कागदावर फुंकर मारली आणि सगळा काळा कचरा उडून माझ्या बाजूला आला.

क्लासची रविवारची सराव परीक्षा होती ती. माझा नेहमीचा खिडकीजवळचा बाक, आणि त्यावर हा नवा प्राणी आणून बसवलेला. मी रागानं वळून बघितलं, तर तोही बघत होता. डोळे चांगले होते. याचा मला आणखीनच राग आला. ज्याच्यावर चिडायचं त्याचे डोळे असे असू नयेत.

पेपर संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं.

"एवढं काय खोडत होतास?"

"उत्तर."

"ते कळलं. का?"

"खात्री नव्हती..." तो म्हणाला. "चुकलं तर मार्क कापतात ना! खात्री नसेल तर मी गोल काळा करत नाही. केलाच, तर खोडून टाकतो."

"मग लिहिलेस तरी किती?"

"निम्मेही नाही. आणि तू?"

"सगळे."

"बाप रे. सगळे येत होते?"

"छे! येतात कुठे सगळे? पण रिकामा गोल मला बघवत नाही. काहीतरी काळं करायचं आणि पुढे पळायचं."

तो हसला. हसताना एका हातानं तोंड झाकायची सवय होती त्याला, हसावं की नाही याचीसुद्धा खात्री नसल्यासारखी. मी त्याच दिवशी त्याचं नाव 'खोडरबर' ठेवलं. त्यानं माझं 'घाईबाई' ठेवलं, पण ते ठरवायला त्याला पुढचा रविवार उजाडला.

मार्क लागले. आमच्या दोघांचे अगदी सारखे. सारखेच म्हणजे सारखेच वाईट. त्याचे मार्क प्रश्न सोडल्यानं गेले होते, माझे काहीबाही लिहिल्यानं. सरांनी दोन्ही उत्तरपत्रिका दोन हातांत धरल्या आणि वर्गासमोर म्हणाले, "या दोघांना एका भांड्यात ढवळून एक विद्यार्थी केला ना, तर तो पहिल्या यादीत येईल." वर्ग खो-खो हसला. आणि सरांनी आम्हाला कायमचं एका बाकावर बसवलं.

मला हसू आलं नाही. माझा हा शेवटचा प्रयत्न होता. मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. शेजाऱ्यांच्या कुत्रीचा पाय मोडला तेव्हा मी तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. मदतनीस आला नव्हता, तर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "पाय धर. घाबरतेस काय, तिनं घाबरायचंय." मी धरला. त्या दिवसापासून दुसरं काही सुचलंच नाही. पण दोनदा प्रवेश परीक्षा देऊन दोनदा आपटले, तेव्हा बाबांनी बजावलं, "आता एकदाच. नाहीतर मामाच्या दुकानात बसायचं." मामाचं दुकान नळांचं. नळ, पाइप, वॉशर. मामा प्रेमळ आहे, पण मला आयुष्यभर वॉशर विकायचे नव्हते.

"मग आपण करार करू," हे सगळं ऐकल्यावर खोडरबर म्हणाला. "दर पेपरात तू थोडे प्रश्न सोडायचे. मी थोडे अंदाजानं लिहायचे."

"आणि तुझा रबर माझ्याकडे द्यायचा."

"रबर?"

"खऱ्या परीक्षेत काळं पेन असतं, महाराज. तिथे काय खोडणार आहेस? कपाळ?"

त्यानं रबर हातात धरला, थोडा वेळ बघितला. मग हळूच माझ्या तळहातावर ठेवला. बोटं लागली. मी मूठ मिटली ती जरा जास्तच घाईनं.

तेव्हापासून माझ्या वैतागाला सुट्टी नव्हती. त्याला कॉफीच्या मशीनसमोर उभं केलं तर साखर हवी की नको यात मागे रांग लागायची. पाऊस पडून गेला, की हा दारात हात बाहेर काढून उभा.

"थांबलाय का?" मी विचारायची.

"जवळजवळ... म्हणजे एखादा थेंब आहे."

"चल रे, मिठाचा आहेस का?" असं म्हणून मी त्याला बाही धरून ओढायची. रस्ता ओला, दिव्यांखाली चमकणारा. बसथांब्यापर्यंत तो मला पेशीविभाजन समजावून सांगायचा, तेही इतकं सुंदर की मला राग यायचा. एवढं सगळं येतं या माणसाला आणि कागदावर उतरवत नाही! बाही मी कधीकधी उगाचच धरून ठेवायची. त्यानं ती कधी सोडवून घेतली नाही.

"तुला एक सांगायचंय," एकदा बस येताना दिसली तेव्हा तो म्हणाला.

"सांग."

"म्हणजे... नक्की नाही अजून."

"मग नक्की झाल्यावर सांग!" मी बसमध्ये चढले. खिडकीतून बघितलं तर तो तिथेच उभा, तोंड अर्धं उघडं. माझे कान तापले होते. मूर्ख, मी मनात म्हटलं. त्याला की मला, देव जाणे.

असं हे निदान आणखी तीनचार वेळा झालं. सांगायचंय... राहू दे. तुला वाटतं का की... नाही, काही नाही. ताईला मी सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग तूच बोल की. तुला कुठे धीर असतो?" पण या एका बाबतीत मला अंदाजानं गोल काळा करायचा नव्हता. चुकला असता तर मार्कांपेक्षा जास्त काही कापलं गेलं असतं.

आणि मग आली शेवटची सराव परीक्षा. खऱ्या परीक्षेसारखीच, काळ्या पेनची. पेपर छान चालला होता. एक भौतिकशास्त्राचा प्रश्न आला, भिंग आणि आरसा एकत्र असलेला. पूर्वी मी डोळे मिटून 'ड' केला असता. पण करार आठवला. सोडला. सोडताना इतकं मोठं काम केल्यासारखं वाटलं की मी शेजारी बघून भुवया उडवल्या. त्यानं अंगठा दाखवला.

मार्क लागले आणि मी मटकन खाली बसले. पहिल्यांदा मिळाले होते त्याहून कमी!

सरांनी उत्तरपत्रिका पुढे टाकली. जन्मात कधी प्रश्न न सोडलेली मुलगी मी. प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेतली त्याची ओळ सोडायची असते हे हाताला माहीतच नव्हतं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच रिकाम्या ओळीत काळं केलं आणि तिथून शेवटपर्यंत सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. बरोबर उत्तरं, चुकीच्या घरात.

"तुझ्यामुळे!" मी जिन्यात त्याच्यावर तुटून पडले. "माझं मी करत होते ते काय वाईट होतं? मला थांबायला शिकवणारा तू कोण? तुला स्वतःला एक वाक्य पुरं करता येत नाही!"

तो पांढरा पडला. "ओळीवर बोट ठेवायचं," एवढंच म्हणाला. "प्रश्नाचा नंबर ओठात म्हणायचा, मग गोल काळा करायचा. मी नेहमी तसंच करतो. तुला सांगायला हवं होतं... चुकलंच माझं."

भांडायला आलेल्या माणसापुढे कुणी असं कबूल करून टाकलं, तर त्यानं करायचं तरी काय? मी पाय आपटत निघून गेले. परीक्षेपर्यंत बोलले नाही. घरी बसून रडले आणि बोट ठेवून गोल काळे करायचा सराव केला.

खऱ्या परीक्षेत मी पाच प्रश्न सोडले. प्रत्येक वेळी बोट ओळीवर, नंबर ओठात. बाहेर आले तर तो फाटकाशी उभा होता. मला बघून एक पाऊल पुढे आला, मग थांबला. मीही थांबले. बोल ना, मी मनात किंचाळले. तेवढ्यात त्याची आई आली आणि त्याला घेऊन गेली. बोलायला एवढा वेळ हाताशी असून इथे कोरा पेपर देऊन गेला हा माणूस!

निकालाच्या दिवशी घरात बसवेना, म्हणून मी मामाच्या दुकानात गेले. दुपारी निकाल. मामा आत माल मोजत होता, मी गल्ल्यावर. दारात कोण उभं, तर खोडरबर. घामाघूम. ताईनंच इकडे पाठवलं असणार.

"वॉशर हवाय," तो म्हणाला.

"अर्ध्या इंचाचा की पाऊण?"

"खात्री नाही."

"कशाला हवाय?"

"कशालाच नकोय," तो म्हणाला आणि एका दमात पुढे बोलला, "मला तू आवडतेस. बाकावर पहिल्या दिवशी चिडलीस तेव्हापासून. तुला मी आवडतो का, मला माहीत नाही. अजिबात खात्री नाही. तरी सांगतोय."

माझ्या हातातला नळ काउंटरवर आपटला. "आत्ता? निकाल कुठल्याही क्षणी लागेल. आजच सुचलं तुला?"

"आजच सांगायला हवं होतं. निकालानंतर सांगितलं तर ते पेपर तपासून झाल्यावर उत्तर लिहिल्यासारखं झालं असतं. तू पास झालीस आणि मी नापास, तर माझी हिंमत झाली नसती. उलटं झालं तर तुला वाटलं असतं, कीव करतोय. म्हणून आधी."

इतकं लांब वाक्य त्यानं जन्मात पहिल्यांदा पुरं केलं असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाही राग आला. मी गल्ल्याचा खण उघडला. दुकानात येताना उगाच बरोबर आणलेला त्याचा रबर काढून त्याच्यासमोर ठेवला.

"खोडायचं असेल तर आत्ताच खोड."

त्यानं रबराकडे बघितलं. एका बोटानं तो माझ्याकडे परत सरकवला.

मी रबर पुन्हा खणात टाकला. तो ओठ चावत उभा. शेवटी न राहवून म्हणाला, "प्रश्न... सोडलास का?"

"गप्प बस. ओळ बघतेय." मी काउंटरवर त्याच्या हाताशेजारी बोट ठेवलं. बरोबर ओळ होती. "हो," मी म्हटलं. "हो, गाढवा. कधीपासून."

"अगं, गिऱ्हाइकाला काय हवंय?" आतून मामा ओरडला.

"काही नाही मामा, मिळालं त्याला!"

तेवढ्यात फोन वाजला. ताई. काही कळायच्या आत नुसती किंकाळी. "झालं गं! मिळतंय कॉलेज! बाबा रडतायत!" मी तिथेच नळांच्या खोक्यावर बसले. हसू आणि रडू एकदमच आलं. कुत्रीचा तो मोडका पाय आठवला, आणि 'पाय धर' म्हणणाऱ्या बाई.

"तुझं बघ," मी त्याला म्हटलं. "बघ ना, उभा काय राहिलास!"

त्यानं फोन काढला, नंबर घातला, बघितलं. पुन्हा नंबर घातला. पुन्हा बघितलं.

"काय आहे?"

"पास दिसतंय... म्हणजे, थांब हं. एकदा खात्री करतो."

तिसऱ्यांदा नंबर घालायला लागला तेव्हा मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. हात तसाच पुढे राहिला होता, तो मी धरला.