मधला बंध

थंडीत मेकाँगचं पाणी उतरलं की बेटाची दोन्हीकडून कोंडी व्हायची. काठाच्या गाळात होडी रुतायची, आणि चालत निघावं तर माणूस कमरेपर्यंत आत जायचा. म्हणून दरवर्षी बांबूचा पूल बांधायचा आणि नदी चढायच्या आत उतरवायचा, असा शिरस्ता होता. सहा वर्षांपूर्वी सिमेंटचा पूल झाला आणि तो शिरस्ता मोडला. यंदा त्या पुलाचा एक खांब खचला आणि त्यावरची वाट बंद झाली.

"कंपोंग क्डेईचा दगडी पूल आठशे वर्षं उभा आहे," वेत सोलता सोलता म्हातारा सुओन म्हणाला. "आणि ह्याला सहा वर्षांत कंबरदुखी!"

"नावं ठेवून तो उभा राहणार आहे का, ता?" फल्ला म्हणाली. गावात सगळ्याच आजोबांना ता म्हणत. "मेढ धरा."

"नेआक लुओंगचा पूल बांधायला क्रेन होत्या," तिचा जावई सामनांग पाण्यातून ओरडला. "इथं नुसती सासू!"

फल्लाला हसू आलं नाही. तिची लेक कोलाप हिचे दिवस भरत आले होते आणि पोटातलं मूल आडवं होतं. पोट फाडूनच काढावं लागेल, असं पलीकडच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हातात दहा दिवस होते. सहा माणसांनी एका काठावरून बांधत गेलं, तर वीस लागणार होते.

पूर्वी पूल दोन्ही काठांवरून निघायचा. बेटाची टोळी इकडून, पलीकडच्या गावची तिकडून. दोघी मध्यावर भेटायच्या आणि शेवटचा बंध दोघी मिळून आवळायच्या. वेताचं एक टोक ह्यांच्या हातात, दुसरं त्यांच्या. सोडतानाही तसंच. एकट्यानं मधला बंध सोडायचा नाही.

बांबूच्या पुलाच्या शेवटच्या वर्षी पाणी अचानक चढलं, तेव्हा फल्लानं तो एकटीनं सोडला होता. बेटाकडचा अर्धा पूल वाचला. पलीकडचा अर्धा वाहून गेला, त्याच्यावर उभ्या असलेल्या तिकडच्या टोळीच्या सहाही जणांसकट. घाबरले म्हणून सोडला, असं ती गावात उघड सांगायची. कुणी दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

चौथ्या दिवशी सकाळी धुकं विरलं आणि सामनांग काम टाकून उभा राहिला.

पलीकडच्या काठापासून पाण्यात मेढी रोवलेल्या होत्या. त्यांच्यावर वासे होते, वाशांवर कामट्यांची चटई. बांबू काळे होते, ओले, गाळातून उपसल्यासारखे. माणूस मात्र एकही नव्हता.

सामनांगनं तिकडच्या चहावाल्याला फोन लावला.

"काय म्हणतोय?" फल्लानं विचारलं.

"म्हणतोय, इथून तर नुसतं पाणीच दिसतंय."

रोज सकाळी तो पूल वीस-पंचवीस हात पुढं आलेला असायचा. कुणी पाहत असलं की तसूभर हलायचा नाही. सहाव्या दिवशी सुओननं कोयता खाली ठेवला.

"पोरी, हे काम आपलं नाही. मी पुढं यायचा नाही."

"नका येऊ. वेत तेवढा सोलून द्या."

"त्यांच्या पुलावर पाय ठेवशील?"

"ठेवीन. लेकीला तसंच घरात ठेवू का, ता?"

म्हातारा पुढं आला नाही. वेत मात्र तो सोलत राहिला.

आठव्या दिवशी भर दुपारी कोलापला कळा सुरू झाल्या. मध्यावर दोन हातांची फट उरली होती. सामनांगनं बायकोला हातगाडीवर निजवून पुलावर आणलं, डोकं पुढं, पाय मागं. फल्लानं फटीवर वासे टाकले. पलीकडच्या मेढीला ते कुणीतरी बांधायला हवे होते.

तिनं वेताचं टोक त्या काळ्या बांबूंवर टाकलं.

"चुकले मी," ती मोठ्यानं म्हणाली. "पण आज ओढा."

वेत पडून राहिला. खाली पाणी वाहत होतं.

मग वेत ताणला गेला.

फल्लानं आपलं टोक आवळलं. पलीकडून तेवढ्याच जोरानं आवळलं गेलं. गाठ बसली.

"चल," ती सामनांगला म्हणाली. "मागं बघायचं नाही."

टोळीतलं दुसरं कुणी पुढं आलं नाही; दोघांनीच पुढून गाडी ओढली. चटई पायाखाली गार लागत होती. निम्म्या वाटेवर गाडी हलकी झाली. सामनांगनं सासूकडे पाहिलं. ती समोर बघत राहिली.

"आई," कोलाप कण्हत म्हणाली, "मागून ढकलतायत ते सहा जण कोण गं?"

"गावातलेच. तू श्वास घे."

"माझ्याकडे बघतच नाहीत ते." ती थांबली. कळ ओसरली. "सगळे पोटाकडे बघतायत."

फल्लानं दांडी घट्ट धरली आणि पावलं उचलली. इस्पितळाचं पत्र्याचं छप्पर दिसू लागलं. थोडंच राहिलं होतं.

पूल संपला. चाकं वाळूत उतरली. त्या वाळूत रिकामी गाडी ओढायलाही चार माणसं लागायची.

गाडी हलकीच राहिली.